अश्रुपिशवीची सोनोग्राफी: आधी बघा, मग दाबा

डोळ्यातून सतत पाणी येणाऱ्या रुग्णाची सोनोग्राफी होते. रिपोर्टवर ‘सॅक नॉर्मल, नलिका मोकळी’ असं लिहून येतं. सॅक म्हणजे अश्रुपिशवी, नलिका म्हणजे तिथून नाकात उतरणारी वाट. त्याच रुग्णाच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बोट ठेवलं की पापणीच्या कडेवरच्या छिद्रातून, म्हणजे पंक्टममधून, पांढरट चिकट स्राव बाहेर येतो. असे रिपोर्ट पुन्हा पुन्हा पाहायला मिळतात आणि दरवेळी दोष मशीनला दिला जातो. मशीन बहुतेक वेळा ठीक असतं. चुकतो तो क्रम. प्रोब (त्वचेवर टेकवायचा मशीनचा भाग) लागण्याआधीच कुणीतरी पिशवी दाबून रिकामी केलेली असते, किंवा जी नलिका सोनोग्राफीत दिसूच शकत नाही तिच्याबद्दल रिपोर्टमध्ये मत दिलेलं असतं.

हे मार्गदर्शन नेत्रविभागातले रेसिडेंट, नव्याने लहान भागांची सोनोग्राफी करू लागलेले रेडिओलॉजिस्ट आणि त्यांच्याकडे रुग्ण पाठवणारे डॉक्टर यांच्यासाठी आहे. रुग्णाने स्वतः काय पाळायचं तेही त्या त्या टप्प्यात आलं आहे.

## सुरुवातीआधी: काय दिसतं आणि काय दिसत नाही

वरच्या आणि खालच्या पापणीच्या आतल्या टोकाला एकेक बारीक छिद्र असतं, ते पंक्टम. तिथून निघणारी कॅनॅलिक्युलस साधारण २ मिमी उभी आणि मग ८ मिमी आडवी जाते. बहुतेकांमध्ये वरची आणि खालची कॅनॅलिक्युलस एकत्र होऊन अश्रुपिशवीत उघडतात. पिशवी सुमारे १२ ते १५ मिमी उंच असते. नाकाच्या बाजूला हाडात जो खोलगट खड्डा आहे, त्यात ती बसलेली असते. तिच्या वरच्या भागापुढून मिडियल कँथल टेंडन, म्हणजे पापण्यांना आतल्या कोपऱ्यात हाडाशी बांधणारा पट्टा, जातं. पिशवी खाली निमुळती होत नासोलॅक्रिमल नलिकेत जाते, आणि ती नलिका नाकातल्या खालच्या मिएटसमध्ये (घळीत) उघडते.

नलिकेचा वरचा सुमारे १२ मिमी भाग हाडाच्या बोगद्यात आहे. अल्ट्रासाउंडच्या लहरी हाडातून पलीकडे जात नाहीत. त्यामुळे अडथळ्याची सर्वांत नेहमीची जागा, म्हणजे नलिका, आपल्याला थेट दिसत नाही. दिसते ती पिशवी: फुगली आहे का, आत काय आहे, भिंत कशी आहे, दाबल्यावर काय होतं, पाणी सोडल्यावर भरते का. नलिकेतल्या अडथळ्याचा अंदाज आपण पिशवीच्या वागण्यावरून बांधतो. एवढं मनात पक्कं असेल तर पुढचे सगळे टप्पे आपोआप जागेवर बसतात.

कॅनॅलिक्युलस नीट पाहायची तर अल्ट्रासाउंड बायोमायक्रोस्कोपीसारखी बरीच जास्त फ्रिक्वेन्सी लागते आणि तिची खोली जेमतेम काही मिमी असते. साध्या लिनिअर प्रोबवर कॅनॅलिक्युलसबद्दल मत देऊ नका.

## टप्पा १: रुग्ण निवडा

पाणी येणारा प्रत्येक डोळा म्हणजे नलिकेचा अडथळा नव्हे. कोरडेपणामुळे उलट जास्त पाणी येतं. पापणी सैल पडलेली असते, केस आत वळलेले असतात, पंक्टम आकसलेलं किंवा बाहेर वळलेलं असतं, अ‍ॅलर्जी असते. हे सगळं स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर) दिसतं, त्याला सोनोग्राफी लागत नाही.

सोनोग्राफीचा खरा उपयोग इथे होतो: कोपऱ्यात सूज आहे पण ती पिशवीची की दुसऱ्या कशाची हे कळत नाही, लासरू (अश्रुपिशवीचा संसर्ग) जुनं आहे आणि आत खडा किंवा गाठ असल्याची शंका आहे, तीव्र सूज-लाली असल्याने सिरिंजिंग (पंक्टममधून पाणी सोडून मार्ग तपासणं) करता येत नाही पण आत पू साठलाय का ते हवं आहे, तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ निळसर फुगवटा आहे, किंवा डीसीआर (पिशवीतून नाकात नवी वाट काढायची शस्त्रक्रिया) होऊनही पाणी थांबलेलं नाही.

चाळिशीपुढच्या बाईला वर्षभर पाणी येतंय, दाबल्यावर स्राव येतो, सिरिंजिंगला पाणी उलटं फिरतं, सूज साधी आहे. अशा वेळी निदान झालेलंच असतं. तिथे सोनोग्राफीचा खर्च लावण्याचं कारण नाही.

सावधान: रक्तमिश्रित अश्रू, किंवा मिडियल कँथल टेंडनच्या वर सरकलेली टणक गाठ असेल तर ट्यूमर मनात ठेवा. सोनोग्राफी जरूर करा, पण तेवढ्यावर थांबू नका. सीटी किंवा एमआरआय लागेलच. ताज्या अपघातात नाकाचं किंवा डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडल्याची, किंवा नेत्रगोल फाटल्याची शंका असेल तर प्रोब लावूच नका.

## टप्पा २: ओपीडीतला क्रम सांभाळा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

आपल्याकडे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी सॅक सिरिंजिंग नेमाने होतं आणि ते व्हायलाच हवं, कारण पिशवीतला पू शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत गेला तर डोळा जाऊ शकतो. पण या सवयीमुळे पाण्याची तक्रार ऐकली की हात आपोआप कॅन्युलाकडे (सिरिंजिंगच्या बारीक नळीकडे) जातो. सिरिंजिंग झालं, मग शंका आली, मग रुग्ण सोनोग्राफीला गेला. तोवर पिशवीत सलाइन आहे, हवेचे बुडबुडे आहेत, कदाचित म्यूकोसाला सूज आहे. रुग्णाचा मूळ आजार त्या चित्रात उरलेला नसतो.

योग्य क्रम असा ठेवा:

1. विचारपूस आणि स्लिट लॅम्प तपासणी. कोपऱ्याला बोट न लावता.
2. फ्लुरोसीन डाय टेस्ट (डोळ्यात घातलेला रंग वाहून जातो का ते बघणं) करायची असेल तर ती आता, जेल लागण्याआधी. दोन्ही डोळ्यांत डाय घालून सुमारे ५ मिनिटांनी दोन्ही बाजूंची तुलना.
3. सोनोग्राफी, न दाबता.
4. प्रोब तिथेच ठेवून हलका दाब.
5. मग सिरिंजिंग, शक्य असेल तर प्रोबखाली.

सिरिंजिंग आधीच होऊन गेलं असेल तर त्या दिवशी सोनोग्राफी टाळा. रुग्णाला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवा. रात्रभर कुणी पिशवी दाबत नाही, म्हणून सकाळी ती भरलेली सापडण्याची शक्यता जास्त असते.

रुग्णाला काय सांगायचं? ‘डोळा पुसू नका’ एवढं पुरत नाही. जुनं लासरू असलेल्या आजींना बघा: पदराचं टोक बोटावर घेऊन त्या डोळ्याच्या कोपऱ्यात दाबतात आणि नाकाकडे ओढतात. हे दिवसातून कितीतरी वेळा चालतं, त्यांना स्वतःला कळतही नाही. त्या एका हालचालीत पिशवी रिकामी होते. बाहेर बाकावर बसल्या बसल्या हेच घडतं आणि मग आत आपल्याला पिशवी ‘नॉर्मल’ दिसते. म्हणून नीट दाखवून सांगा: ‘आजी, पाणी गालावर आलं की गालावरच टिपा. कोपऱ्याला हात लावायचा नाही. नाकही जोरात शिंकरायचं नाही.’ नाक शिंकरण्याचं कारण पुढे येतंच.

तपासून पाहा: प्रोब उचलण्याआधी तीन प्रश्न. आज कुणी कोपरा दाबला का? आज सुई घालून पाणी सोडलं का? थोड्या वेळापूर्वी नाक शिंकरलं का? उत्तरं कागदावर लिहा, रिपोर्टमध्ये लागतील.

## टप्पा ३: मशीन आणि सेटिंग

उंच फ्रिक्वेन्सीचा लिनिअर प्रोब हवा, १२ मेगाहर्ट्झच्या वर, १५ ते १८ असेल तर उत्तम. हॉकी स्टिक प्रोब असेल तर तोच घ्या. नाक आणि डोळा यांच्यातल्या घळीत तो सहज बसतो. फक्त मोठा लिनिअर प्रोब असेल तरी काम होतं, मात्र त्याचं एक टोक हवेत राहतं आणि ती जागा जेलने भरून काढावी लागते. डोळ्याच्या १० मेगाहर्ट्झ बी-स्कॅन प्रोबवर मोठी फुगलेली पिशवी कळते, बारकावे कळत नाहीत.

प्रीसेट ‘ऑप्थॅल्मिक’ किंवा ‘आय’ निवडा. ‘स्मॉल पार्ट्स’ किंवा ‘थायरॉइड’वर चित्र अनेकदा जास्त छान येतं, म्हणून लोक तेच वापरतात. तसं करू नका. पिशवीच्या शेजारीच नेत्रगोल आहे आणि लहरी तिथेही पोहोचतात. डोळ्यासाठी अमेरिकेच्या एफडीएची मेकॅनिकल इंडेक्सची (लहरींच्या दाबाने इजा होण्याच्या धोक्याचा आकडा) मर्यादा ०.२३ आहे. थर्मल इंडेक्स (ऊती तापण्याच्या धोक्याचा आकडा) १ च्या आत ठेवा. हे दोन्ही आकडे स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसत असतात, फक्त बघायची सवय हवी.

खोली २ ते ३ सेंमी. फोकस पहिल्या सेंटिमीटरमध्ये.

गेन (चित्राचा उजळपणा) लावायला जवळच एक खात्रीची खूण आहे, ती म्हणजे डोळ्यातलं व्हिट्रियस, डोळ्याच्या आत भरलेला पारदर्शक जेलीसारखा पदार्थ. निरोगी व्हिट्रियस सोनोग्राफीत काळं दिसतं. प्रोब क्षणभर मिटलेल्या पापणीवर आणा, व्हिट्रियस जेमतेम काळं होईपर्यंत गेन कमी-जास्त करा आणि मग पिशवीकडे जा. आता पिशवीत राखाडी दिसलं तर ते खरंच राखाडी आहे. हे न करता गेन चढवून ठेवलं की स्वच्छ पाणीही पू वाटतं, आणि गेन पाडून ठेवलं की पू पाण्यासारखा दिसतो. वयस्कर रुग्णात व्हिट्रियसमध्येच ठिपके असू शकतात. तेव्हा दुसऱ्या डोळ्यावर ताडून घ्या.

सावधान: जनरल सोनोग्राफी मशीन शिबिरासाठी गाडीत घालून नेऊ नका. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या) कायद्याखालची नोंदणी जागेला धरून असते. आपण फक्त डोळे बघणार होतो, हा खुलासा तिथे चालत नाही.

## टप्पा ४: रुग्णाची तयारी

रुग्ण उताणा, डोकं स्थिर, मान किंचित उंच. कॉन्टॅक्ट लेन्स काढलेल्या. काजळ, सुरमा, आयलायनर असेल तर ओल्या कापसाने काढायचं, पण आतून बाहेर, कानाच्या दिशेने आणि पापणीच्या कडेवरून. नाकाकडे दाबून पुसलं की पदरासारखंच होतं.

जेल जाड थराने लावा. डोळ्यात जाण्याची शक्यता असते म्हणून निर्जंतुक जेल किंवा २ टक्के मिथाइलसेल्युलोज चांगलं. साधं जेल बुबुळाला झोंबतं. डोळे मिटायला सांगताना ‘हलकेच मिटा, झोपल्यासारखे’ असं सांगा. नुसतं ‘मिटा’ म्हटलं की बरेच जण घट्ट पिळतात आणि पापणीचा स्नायू पिशवीला आपणहून दाबतो.

पू येत असेल तर प्रोबला कव्हर घाला, आतही जेल घालून. कव्हरखाली बुडबुडा राहिला तर चित्रात काळा पट्टा येतो.

## टप्पा ५: आडवा छेद, हात टेकवून

प्रोब हवेत धरून हे काम होत नाही. करंगळी आणि तळहाताची कड रुग्णाच्या कपाळावर किंवा गालाच्या हाडावर टेकवा. प्रोबचं वजन आपल्या हातावर राहिलं पाहिजे.

प्रोब आतल्या कोपऱ्यावर आडवा ठेवा, अर्धा नाकाच्या बाजूला आणि अर्धा पापणीवर, आणि किरण किंचित नाकाकडे वळवा. नाकाच्या बाजूने बघत आलात तर आधी हाडाची चमकदार उतरती रेघ दिसेल. ती जिथे अचानक खाली वळते तो अँटीरियर लॅक्रिमल क्रेस्ट, म्हणजे खळगीची पुढची हाडाची कड. त्याच्या पलीकडे खोलगट जागा, तिच्या तळाशी पातळ लॅक्रिमल बोनची रेघ. या खळगीत जे आहे ती पिशवी. त्याच्याही पलीकडे नेत्रगोलाची गोल काळी आकृती.

क्रेस्ट सापडल्याशिवाय पिशवीबद्दल काहीही बोलू नका. जे काळं गोल दिसलं ते पिशवी समजण्याची घाई इथे सर्वांची होते. त्वचेखाली, पिशवीच्या पुढे आणि नाकाकडे अँग्युलर व्हेन असते. ती काळी दिसते, दाबल्यावर मिटते, आणि पिशवी म्हणून मोजली जाते. क्षणभर कलर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारा डॉप्लर) लावा: आत प्रवाह दिसला तर ती शीर. मिडियल कँथल टेंडनही किरण तिरका पडला की काळसर दिसतं आणि द्रव असल्याचा भास होतो. प्रोब थोडा कलता करून बघा, टेंडन असेल तर त्याचा रंग पालटतो. द्रवाचा पालटत नाही.

आणखी एक फसवं दृश्य खळगीच्या मागे असतं. लॅक्रिमल बोन अतिशय पातळ आहे आणि त्याच्यामागे एथमॉइडच्या (नाक आणि डोळ्यामधल्या हाडाच्या) हवेच्या पोकळ्या आहेत. तिथून परतणाऱ्या लहरींमुळे समांतर पट्टे दिसतात. ते पिशवीतलं काही नाही.

निरोगी पिशवी बहुधा मिटलेली असते. ती बारीक फटीसारखी दिसते, कधी वेगळी ओळखूही येत नाही. न दिसणं हा दोष नाही. उलट ती सहज, ठळक, गोल दिसली तर तिथे थांबून नीट बघायचं.

तपासून पाहा: स्क्रीनवर सगळ्यात वर, प्रोब आणि त्वचेच्या मध्ये, जेलचा स्वच्छ काळा पट्टा दिसतोय का? दिसत नसेल तर तुम्ही दाबत आहात. पट्टा परत येईपर्यंत हात उचला आणि मगच फोटो गोठवा. ही एक खूण पाळली तर निम्मे चुकीचे रिपोर्ट टळतील असं माझं ठाम मत आहे.

## टप्पा ६: उभा छेद

पिशवी मध्यभागी ठेवून प्रोब हळूहळू ९० अंशांत फिरवा. पिशवीचा अक्ष अगदी सरळ उभा नसतो. खाली जाताना तो किंचित मागे आणि बाहेर वळतो. म्हणून प्रोबचं खालचं टोक थोडं बाहेरच्या बाजूला न्यावं लागतं. नाहीतर पिशवी मध्येच तुटलेली दिसते आणि लांबी कमी भरते.

वरचं टोक टेंडनच्या किती वर जातं ते पाहा. नलिका बंद असल्याने फुगलेली पिशवी टेंडनच्या खाली फुगते, कारण वर टेंडन तिला धरून ठेवतं. फुगवटा टेंडनच्या वर असेल तर साधा अडथळा आहे असं गृहीत धरू नका.

खालच्या टोकाला पिशवी निमुळती होऊन हाडाच्या कडेआड जाते. त्या कडेखाली एक काळा पट्टा सरळ खाली उतरताना दिसतो. तो नलिका नाही. ती हाडाची सावली आहे. ‘नलिका रुंदावलेली, द्रवाने भरलेली’ असे रिपोर्ट या सावलीवरून लिहिले जातात. ओळखायचं सोपं आहे: प्रोब थोडा सरकवा, सावली प्रोबच्या दिशेबरोबर सरकते आणि तिला स्वतःची मागची भिंत नसते.

तिन्ही मापं घ्या: उंची, रुंदी, पुढून मागे. मग दुसरी बाजू, त्याच खोलीवर, त्याच गेनवर, तेवढ्याच जेलवर. अमुक मिमीच्या वर म्हणजे रोग, असा एकच आकडा मनाशी धरून बसू नका. रुग्णाची स्वतःची दुसरी बाजू हीच चांगली तुलना आहे. दोन्ही बाजूंना तक्रार असेल तर मापापेक्षा पुढचे दोन टप्पे जास्त सांगून जातात.

## टप्पा ७: आत काय आहे

पूर्ण काळं, मागची भिंत उजळ: स्वच्छ द्रव, म्हणजे म्यूकोसील (साठलेल्या म्यूकसने फुगलेली पिशवी) किंवा नुकतं भरलेलं पाणी.

राखाडी, बारीक ठिपके, रुग्णाने डोळे मिचकावले की ढवळल्यासारखे फिरणारे: म्यूकस किंवा पू. घट्ट म्यूकस मात्र हलत नाही आणि गाठीसारखा दिसतो. तिथे कलर डॉप्लर थोडा वेळ लावा, आउटपुटचे आकडे बघत. आत शिरा दिसल्या तर ती गाठ आहे, पुढच्या तपासणीला पाठवा. शिरा दिसल्या नाहीत म्हणून गाठ नाही, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. मंद प्रवाह निसटतो.

उजळ, पिशवीत जागा बदलणारा तुकडा: खडा, म्हणजे डॅक्रिओलिथ. पित्ताशयाच्या खड्याची सवय असलेला डॉक्टर इथे मागची सावली शोधतो आणि ती नाही म्हणून खडा नाकारतो. अश्रुपिशवीतला खडा मुख्यतः म्यूकस, प्रथिनं आणि पेशींच्या कचऱ्याचा असतो. त्याची सावली पडेलच असं नाही.

अतिशय चमकदार, वर तरंगणारं आणि मागे मळकट सावली टाकणारं: हवा. आता तो नाक शिंकरल्याचा प्रश्न कामाला येतो. सिरिंजिंग झालेलं नसेल आणि तरी पिशवीत हवा असेल, तर ती नाकातून वर आली असण्याची शक्यता आहे, म्हणजे खालचा मार्ग निदान हवेपुरता उघडा आहे. डीसीआर झालेल्या रुग्णात हे अपेक्षितच आहे. सिलिकॉन नळी घातलेली असेल तर दोन समांतर उजळ रेघा दिसतात. त्यांना बाहेरची वस्तू समजू नका, आधी शस्त्रक्रियेचा कागद बघा.

भिंत जाड आणि आजूबाजूचा भाग सुजलेला, कलरवर लालभडक, रुग्णाला हात लावू देत नाही एवढं दुखतंय: तीव्र डॅक्रिओसिस्टायटिस, म्हणजे अश्रुपिशवीचा तीव्र संसर्ग. पिशवीबाहेर त्वचेखाली पू पसरलाय का ते बघा, नोंदवा आणि इथेच थांबा.

सावधान: तीव्र सूज असेल तर टप्पा ८ आणि ९ करायचे नाहीत. दाब आणि सिरिंजिंग दोन्हींनी संसर्ग आजूबाजूला पसरू शकतो. डोळा पुढे आलाय, हलवताना दुखतोय किंवा नजर कमी झाली आहे, तर संसर्ग खोबणीत गेलेला असू शकतो. रुग्णाला तातडीने भरती करून सीटी करायला हवा.

## टप्पा ८: प्रोबखाली दाब

आता दाबायची वेळ आली. आडव्या छेदात पिशवी मध्यभागी ठेवा, क्लिप रेकॉर्डिंग सुरू करा आणि प्रोबनेच हळूहळू मागे, क्रेस्टच्या मागच्या खळगीकडे दाब द्या. बोटाने दाबायचं असेल तर प्रोब उभा करून शेजारी सरकवावा लागतो. प्रोबनेच सोपं पडतं. सहकाऱ्याला पंक्टमकडे बघायला सांगा.

पिशवी मिटली आणि पंक्टममधून स्राव आला: पिशवीपर्यंतचा वरचा मार्ग मोकळा, अडथळा बहुधा खाली. पिशवी मिटली, वर काही आलं नाही आणि रुग्णाला घशात काही उतरल्यासारखं वाटलं: खालचा मार्ग निदान अंशतः उघडा. फुगलेली पिशवी मिटतच नाही, कुठूनच काही येत नाही: वर आणि खाली दोन्हीकडे अडलेली बंद पिशवी, किंवा घट्ट म्यूकस, किंवा गाठ. या तिसऱ्या प्रकारात दाब वाढवत जाऊ नका.

दाब सोडल्यावर पिशवी पुन्हा भरते का तेही त्याच क्लिपमध्ये येऊ द्या.

## टप्पा ९: सिरिंजिंग, चित्रासह

याला दोन माणसं लागतात. एक प्रोब धरतो, एक कॅन्युला. प्रोब थोडा नाकाकडे आणि खाली सरकवा म्हणजे पंक्टम मोकळं राहील. जेल निर्जंतुकच हवं. बधिर करणाऱ्या प्रोपॅराकेनचा थेंब टाका, २ मिलीच्या सिरिंजमध्ये सलाइन भरा आणि त्यातली हवा पूर्ण काढा. हवा राहिली तर पहिल्याच क्षणी पडदा पांढरा होतो आणि पुढचं काही दिसत नाही.

खालच्या पंक्टममधून कॅन्युला आधी २ मिमी उभी, मग पापणी बाहेर ताणून आडवी. सोडताना जोर नको. अडलं तर मागे घ्या. जोराने खोट्या वाटा तयार होतात.

आता डोळा स्क्रीनवर ठेवा.

पिशवी भरत नाही आणि पाणी त्याच पंक्टममधून परत येतं: अडथळा त्या कॅनॅलिक्युलसमध्ये. पिशवी भरत नाही आणि पाणी वरच्या पंक्टममधून येतं: अडथळा सामाईक कॅनॅलिक्युलसजवळ. पिशवी ताठ भरते, भरलेलीच राहते, पाणी वरून म्यूकससह परत येतं: अडथळा पिशवीच्या खाली, नलिकेत. पिशवीत क्षणभर प्रवाह दिसतो, ती रिकामी होते आणि रुग्ण पाणी गिळतो: मार्ग मोकळा.

साध्या सिरिंजिंगमध्ये वरच्या पंक्टममधून परतणारं पाणी सामाईक कॅनॅलिक्युलसचं की नलिकेचं, यावर नेहमी वाद होतो. पिशवी भरताना डोळ्यांनी दिसली की तो वाद मिटतो, आणि त्यावर शस्त्रक्रिया ठरते. नलिका बंद असेल तर डीसीआरने काम होतं. सामाईक कॅनॅलिक्युलस बंद असेल तर नुसत्या डीसीआरने पाणी थांबत नाही. या एका उत्तरासाठी ही सगळी खटपट करण्यासारखी आहे.

## तान्ही बाळं: वेगळी वाट

बाळाच्या डोळ्यातून पाणी आणि चिपडं येतात, सूज नाही, डोळा लाल नाही. अशा बाळाला सोनोग्राफी लागत नाही. नलिकेच्या खालच्या टोकाचा पडदा उघडायचा राहिलेला असतो आणि बहुतेक बाळांमध्ये वर्षाच्या आत तो उघडतो. आईला पिशवीवरून खाली दाब देत मालिश करायला नीट शिकवा. गोल गोल चोळणं ही मालिश नव्हे.

जन्मतःच आतल्या कोपऱ्याखाली निळसर, ताणलेला फुगवटा असेल तर सोनोग्राफी जरूर करा. दूध पाजून, गुंडाळून, झोपेत. जेल कोमट हवं, थंड जेलने बाळ जागं होतं आणि मग काहीही जमत नाही. टेंडनखाली, खळगीत, पातळ भिंतीची द्रवाने भरलेली पिशवी दिसली आणि आत प्रवाह नसला तर ते डॅक्रिओसील. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीतल्या सोनोग्राफीत ते कधी कधी आधीच दिसलेलं असतं. जुने रिपोर्ट मागून बघा. आत भरपूर शिरा असतील तर हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ).

सावधान: फुगवटा टेंडनच्या वर आहे, किंवा बाळ रडलं की वाढतो, तर मेंदूच्या आवरणाची पिशवी बाहेर आलेली असू शकते. सुई घालू नका, दाबू नका, एमआरआय करा. आणि डॅक्रिओसील असलेल्या बाळाला दूध पिताना धाप लागते का, हे आईला विचाराच. पिशवीचा खालचा भाग नाकात फुगून श्वास अडवू शकतो आणि नवजात बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेतं. तो भाग सोनोग्राफीत नीट दिसत नाही. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून नाकाची एंडोस्कोपी करून घ्या.

## टप्पा १०: रिपोर्टमध्ये काय लिहायचं

पहिल्या ओळीत परिस्थिती: तपासणीआधी दाब, सिरिंजिंग किंवा नाक शिंकरणं झालं होतं का, किती वाजता तपासलं. मग दोन्ही बाजूंची तीन-तीन मापं, न दाबता घेतलेली. भिंत. आतला द्रव. टेंडनच्या वर काही आहे का. दाबल्यावर काय झालं. सिरिंजिंग केलं असेल तर पिशवी भरली का, पाणी कुठून परतलं.

निष्कर्ष दिसलं त्यापुरताच ठेवा. ‘उजवी अश्रुपिशवी फुगलेली, आत हलणारा घट्ट द्रव, दाबल्यावर खालच्या पंक्टममधून स्राव, पिशवीच्या खाली अडथळा असल्याशी सुसंगत. हाडातील नलिका या तपासणीत दिसत नाही.’ शेवटचं वाक्य प्रत्येक रिपोर्टमध्ये हवंच. पिशवी मिटलेली असेल तर ‘नलिका मोकळी’ असं लिहू नका. ‘तपासणीच्या वेळी पिशवी फुगलेली नव्हती’ एवढंच लिहा. हाडाचा प्रश्न असेल, जुनं फ्रॅक्चर असेल किंवा गाठीचा विस्तार बघायचा असेल, तर सीटी किंवा सीटी डॅक्रिओसिस्टोग्राफी (अश्रुमार्गात औषध सोडून केलेला सीटी) सुचवा.

रुग्ण उठण्याआधी जेल ओल्या कापसाने टिपून काढा आणि डोळा सलाइनने धुवा. प्रोब कंपनीने सांगितलेल्या द्रावणाने पुसा आणि पूर्ण कोरडा होऊ द्या. ओलसर राहिलेलं जंतुनाशक पुढच्या रुग्णाच्या बुबुळाला भाजतं.